होडी घ्यायची, पण ठेवायची कुठे?

प्रश्न : आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. बाल्कनीचा एक कोपरा मोकळा आहे आणि पार्किंगमध्ये गाडीपुरती जागा आहे. तलावात दोघांनी बसून गळ टाकता येईल अशी होडी हवी आहे. फुगवायची घ्यावी की घडीची?

उत्तर : बाल्कनीचा कोपरा मोजून झाला असेल तर तो कागद जरा बाजूला ठेवा. होडी सहसा अडते ती वाटेवर : लिफ्टचं दार, जिन्याचं वळण, घराच्या दारासमोरचा अरुंद बोळ. आधी ही सगळी मापं घ्या.

दोन माणसांची, ३ मीटरच्या आसपासची फुगवायची होडी गुंडाळली की साधारण ११० × ६० × ३५ सेंटीमीटरची पिशवी होते. ती लिफ्टमध्ये उभी राहते. वजन मात्र तळावर ठरतं. पट्ट्यांचा किंवा हवेचा तळ असेल तर ३० किलोच्या आगेमागे, अ‍ॅल्युमिनियमच्या फळ्यांचा असेल तर ४५ ते ५५ किलो. पंचवीस-तीस किलोच्या पुढचं ओझं एकट्याने दर आठवड्याला उचलणं होत नाही. पहिल्या महिन्यात उत्साहात उचललं जातं, मग होडी कोपऱ्यातच पडून राहते.

पट्ट्यांच्या तळावर उभं राहून गळ फेकता येत नाही, पाय लचकतो. म्हणून तुमच्यासाठी हवेचा तळ. त्यात वरच्या-खालच्या थरांना हजारो धाग्यांनी बांधलेलं असतं, त्यामुळे फुगवल्यावर तो फळीसारखा सपाट राहतो. अट एकच, दाब पुरा हवा. बाजूच्या नळ्यांना ०.२ ते ०.२५ बार (३ ते ३.६ पीएसआय) पुरतो, तळाला ०.७ ते ०.८ बार (१० ते १२ पीएसआय) लागतो. पायाचा साधा पंप नळ्यांपर्यंत साथ देतो, पुढे हात टेकतो. जास्त दाबाचा हातपंप आणि दाबमापक सोबत आलाय का, हे घेतानाच बघा. तळ अर्धवट भरला की होडी मधोमध दुमडते, दोन्ही टोकं वर उचलली जातात आणि वल्हवताना पाणी नुसतं ढकललं जातं.

नळ्या भरताना एक कप्पा पूर्ण फुगवून मग दुसऱ्याला हात घालू नका. आधी सगळे अर्धे, मग सगळे पूर्ण. नाहीतर दोन कप्प्यांमधल्या पडद्यावर एका बाजूने ताण येतो. उन्हाचंही भान ठेवा. ३० अंश तापमानाला ०.२५ बार भरलेली नळी काठावर ५० अंशांपर्यंत तापली की दाब ०.३३ च्या आसपास जाऊ शकतो. काठावर थांबायचं असेल तर थोडी हवा सोडा. उलट, पाण्यात उतरल्यावर नळ्या मऊ पडल्या तर लगेच भोक शोधत बसू नका. हवा थंड झालेली असते.

गळ टोचून होडी फुटेल ही भीती सगळ्यांना असते. गळाचं भोक बारीक असतं, हवा हळू जाते आणि बाकीचे कप्पे तरंगत राहतात. खरा शत्रू वाळू. तळ आणि नळी जिथे मिळतात त्या खाचेत ती साचते, आणि प्रत्येक वल्ह्यासरशी कापडावर पॉलिश पेपरसारखी घासत राहते. ठिगळ लावायची वेळ आलीच तर ते भोकाच्या चारही बाजूंनी ५ सेंटीमीटर पुढे जाईल एवढं कापा आणि २४ तास हवा भरू नका. पीव्हीसी आणि हायपॅलॉन या दोन कापडांचे गोंद वेगळे असतात. एकाचा गोंद दुसऱ्याला लावला तर ठिगळ सुटून येतं.

आता जाहिरातीत कुणी सांगत नाही ती गोष्ट : फुगवायच्या होडीला ठेवायला जागा कमी लागते, वाळवायला पूर्ण लागते. ओली गुंडाळली तर त्याच खाचेत बुरशीचे काळे डाग पडतात आणि ते जात नाहीत. शक्य असेल तर काठावरच, अर्धी हवा सोडून, जुन्या टॉवेलने खाच पुसून घ्या. मग बाल्कनीत सावलीत सैल पसरून वाळवा. खाऱ्या पाण्यातून आली असेल तर आधी गोड्या पाण्याने धुवा.

घडीची होडी पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या जाड पत्र्यांची असते. मिटल्यावर जाडी १० सेंटीमीटरच्या आसपास आणि रुंदी ६० च्या आसपास, पण लांबी एक बोटभरही कमी होत नाही. ३ मीटरची होडी म्हणजे ३ मीटरची फळी, शिवाय बाकं आणि मागची फळी वेगळी सांभाळायची. जिन्यातून जाईल का ते बघायला ३ मीटरचा पाइप फिरवून समाधान मानू नका. पाइपला ६० सेंटीमीटर रुंद पुठ्ठा बांधा आणि मग वळण घ्या. लिफ्टचा तर विचारच सोडा. पार्किंगच्या भिंतीला ती आडवी लावायची परवानगी मिळाली, तर मात्र आमचा कौल घडीच्या होडीला : वाळू, गळ, माशाचे काटे यांचं तिला काही वाटत नाही आणि पुसली की झाली. परवानगी नसेल तर हवेच्या तळाची फुगवायची घ्या.

प्रश्न : गॅरेज आतून ५.५ मीटर लांब आहे. ४.३ मीटरची अ‍ॅल्युमिनियमची होडी ट्रेलरसकट मावेल ना?

उत्तर : नाही. माहितीपत्रकातली ४.३ मीटर ही फक्त होडीच्या अंगाची लांबी. मागे वर उचललेल्या इंजिनाचे अर्धा मीटर, पुढे ट्रेलरच्या दांड्याचा मीटरभर किंवा त्याहून थोडा जास्त धरा. बेरीज ६ मीटरच्या जवळ जाते. तिरकी लावू, हा हिशेबही सहसा फसतो. खोलीचा कर्ण रेघेसाठी असतो. ट्रेलरला चाकांसकट दीड-पावणेदोन मीटर रुंदी असते आणि तिचे कोपरे भिंतीला टेकतात.

३.७ मीटरची होडी घेतलीत तर बेरीज ५.३ च्या आसपास येते. मावते, पण तिला वळसा घालून मागे जाता येत नाही. म्हणून दांडा मधून दुमडणारा किंवा निघणारा ट्रेलर बघा, त्याने सुमारे ६० सेंटीमीटर वाचतात. दुमडलेला दांडा कुठल्या बाजूला वळतो हे दुकानात उभं राहूनच तपासा, कारण तिथे भिंत असेल तर त्याचा उपयोग शून्य. दाराची उंची मोजताना दार पूर्ण उघडल्यावर खाली लोंबणारी कडा धरा, चौकट नव्हे.

प्रश्न : सुमारे ३० किलोची प्लास्टिकची मासेमारीची कयाक (वल्ह्याची अरुंद होडी) छताला टांगली तर चालेल का?

उत्तर : चालेल, आणि जमिनीवर ठेवण्यापेक्षा बरंच. दोन्ही टोकांच्या मुठींना दोर बांधून मात्र टांगू नका, काही महिन्यांत मधून पोट पडतं. निदान ५ सेंटीमीटर रुंदीचे दोन पट्टे घ्या, एकेक प्रत्येक टोकापासून पाव लांबीवर, आणि कयाक पालथी ठेवा. हुक काँक्रीटच्या स्लॅबमध्ये किंवा तुळईत बसले पाहिजेत; खोट्या छतात किंवा प्लास्टरमध्ये ते कधी निघतील याचा नेम नाही. एकूण वजनाच्या निदान तिप्पट भार झेलतील असे हुक घ्या. चार पदरी कप्पीने ओढायचं बळ पावपट होतं, घर्षणामुळे थोडं जास्त लागतं. वर गेल्यावर दोराच्या एका गाठीवर भरवसा न ठेवता एक जादा पट्टा बांधा.

पत्र्याच्या छताखाली टांगणार असाल तर थांबा. उन्हाळ्यात तिथे कयाकचं प्लास्टिक (पॉलिएथिलीन) मऊ पडतं आणि पट्ट्याचा चर उमटतो. असा खळगा पडलाच तर कयाक तासभर उन्हात ठेवा, आतून हाताने दाबा, बहुतेक वेळा तो भरून येतो.

प्रश्न : छोटं फोर-स्ट्रोक इंजिन कपाटात आडवं ठेवलं तर?

उत्तर : पुस्तिकेत सांगितलेल्या कुशीवरच. चुकीच्या कुशीवर ठेवलं तर तेल सिलिंडरमध्ये उतरतं, इंजिन सुरू होत नाही आणि झालंच तर धूर ओकतं. आडवं करण्याआधी ते काही मिनिटं उभं धरा म्हणजे आतलं पाणी निथळतं, आणि कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल काढून टाका. ज्या घरात झोपता त्या घरात पेट्रोलचा डबा नको. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरून दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचते.

फ्लॅटवाल्यांना आम्ही विजेचं इंजिन सुचवतो. ५५ पाउंड रेट्याचं १२ व्होल्टचं इंजिन पूर्ण वेगात ५० अँपिअरच्या आसपास ओढतं. १०० अँपिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे हाती जेमतेम तासभर. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी जवळजवळ पूर्ण वापरता येते आणि वजन तीस किलोऐवजी बारा-तेरा किलो. जिना चढताना हा फरक कळतो.

प्रश्न : अंगणात ताडपत्रीखाली ठेवली तर काय बिघडतं?

उत्तर : ताडपत्रीत पाणी साचतं. ४ चौरस मीटरच्या होडीत १ सेंटीमीटर पाऊस उतरला तरी ४० लिटर, म्हणजे ४० किलो. मधोमध आडवा बांबू टाकून ताडपत्रीला उतार द्या, तळाचं बूच काढून ठेवा आणि पुढचं टोक वीतभर उचला. हलकी असेल तर दोन लाकडी ठोकळ्यांवर पालथी घाला आणि साखळीने बांधा. बूच किल्लीच्या जुडग्याला अडकवा, नाहीतर पाण्यात उतरल्यावर आठवतं.