फ्लॅट आम्हा दोघांच्या नावावर आहे. नवऱ्याला त्याचा अर्धा हिस्सा माझ्या नावे करायचा आहे. हक्कसोडपत्र करू की बक्षीसपत्र?

बक्षीसपत्र. आणि याच महिन्यात करा.

हक्कसोडपत्राची नाममात्र मुद्रांक शुल्काची सवलत महाराष्ट्रात वडिलोपार्जित मिळकतीपुरती आहे. तुम्ही दोघांनी विकत घेतलेला फ्लॅट त्यात बसत नाही, मग अर्ध्या हिश्श्यावर खरेदीखताइतकं मुद्रांक शुल्क बसतं. राहतं घर नवऱ्याने बायकोला बक्षीस दिलं तर मुद्रांक 200 रुपयेच.

आमचा डोंबिवलीचा फ्लॅट असाच दोघांच्या नावे होता. 2016 साली यांनी स्वतःहून बक्षीसपत्राचं काढलं, वकिलाने मसुदाही दिला. गणपतीत मोठे दीर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "नवरा-बायकोत कसले कागद? ती नॉमिनी आहे ना सोसायटीत? झालं तर." मी गप्प बसले, कारण बोलले असते तर घराच्या हावेने बोलते असं झालं असतं. मसुदा कपाटात गेला.

2018 मध्ये हे गेले. मृत्युपत्र नव्हतं. सोसायटीने नॉमिनी म्हणून माझं नाव लावलं, पण त्याने मालकी येत नाही. यांचा अर्धा हिस्सा मी, मुलगी आणि सासूबाई अशा तिघींत वाटला गेला. म्हणजे पूर्ण फ्लॅटमध्ये सासूबाईंचा एक षष्ठांश. सासरे आधीच गेलेले. दोन वर्षांनी सासूबाईही गेल्या, त्यांचंही मृत्युपत्र नाही. त्यांचा षष्ठांश दीर, नणंद आणि माझी मुलगी यांच्यात गेला. म्हणजे ज्या घराचे हप्ते आम्ही दोघांनी भरले, त्यात दिरांचा अठरावा हिस्सा! मुलीच्या शिक्षणासाठी फ्लॅट विकायला काढला तेव्हा नणंदेने एका फोनवर येऊन सही केली. दिरांनी नाही म्हटलं नाही, नुसतं "बघू" म्हणत सतरा महिने काढले. तीन गिऱ्हाइकं गेली. मुलगी सज्ञान होती म्हणून एवढ्यावर भागलं, नाहीतर तिच्या हिश्श्यासाठी कोर्टाची परवानगी लागली असती.

त्यामुळे कुणी तुम्हाला "अविश्वास कशाला दाखवता" म्हणालं तर स्पष्ट सांगा, नवऱ्यावर विश्वास आहे म्हणूनच तो हयात असताना कागद करतोय. हिस्सा देणाऱ्याच्या हयातीतच तो स्वीकारावा लागतो, आणि नोंदणी झाल्याशिवाय स्थावराचं बक्षीसपत्र ग्राह्य नाही. नोटरीच्या कागदाला काही अर्थ नाही.

काही गोष्टी राहिल्या. महापालिका हद्दीत हिश्श्याच्या बाजारमूल्यावर किमान एक टक्का अधिभार वेगळा लागतो, तो वकिलाकडून आधी काढून घ्या. गृहकर्ज चालू असेल तर बँकेची एनओसी हवी, आणि हिस्सा दिला तरी नवऱ्याची कर्जदार म्हणून जबाबदारी सुटत नाही. घर भाड्याने दिलंत तर त्या हिश्श्याचं भाडं नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. लग्न झालेलं नसेल तर वरची सवलत मिळत नाही. आणि एकदा दिलेलं बक्षीस मनात आलं म्हणून परत घेता येत नाही, हे नवऱ्यालाही आधी समजावून सांगा. त्याच्या नावावर दुसरं घर नसेल तर त्याने यावर नीट विचार करायला हवा.

दोन साक्षीदार लागतात. त्यातला एक नवऱ्याचा भाऊ घ्या. आमच्या गणपतीत माझ्या तोंडून हे निघायला हवं होतं: भाऊजी, सोमवारी निबंधक कार्यालयात या, सही तुमची हवी आहे.