साथीच्या काळात अन्नप्रक्रिया कारखान्यांतले मास्कचे नियम सारखे का बदलत होते?

कोविडच्या सुरुवातीला मास्कचाच तुटवडा होता, म्हणून ते आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी राखून ठेवा असा सल्ला होता. लक्षणं नसलेल्यांकडूनही संसर्ग होतो हे स्पष्ट होत गेलं, तशी जून 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अंतर राखता येत नाही तिथे कापडी मास्कची शिफारस केली. कारखान्यात तर लाइनवर माणसं खांद्याला खांदा लावून उभी, त्यात मशिनच्या आवाजामुळे ओरडून बोलणं! मांस कापायच्या थंडगार हॉलमध्ये श्वासाच्या वाफेने मास्क ओला होतो, आणि ओला मास्क कुचकामी. मग शिफ्टमध्ये बदलायला जादा मास्क देणं आलंच. व्हॉल्व्हवाले मास्क नकोत, कारण उच्छ्वास गाळल्याशिवाय बाहेर पडतो. लसीकरणानंतर नियम सैलावले. दाढीची जाळी मात्र मालात केस पडू नयेत म्हणून असते, तिचा साथीशी संबंध नाही.