परदेशात करमत नाही, परत यावं का?

‘नोकरी चांगली आहे, राहायची जागा चांगली आहे, कुणाचा त्रास नाही. मग पाच महिने झाले तरी इथे करमत का नाही? परत यावं का?’ परदेशी शहरात एकटी राहणाऱ्या तिशीतल्या एका तरुणीचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

‘परत यावं का’ याचं उत्तर समुपदेशनाच्या पहिल्याच सत्रात शोधू नये. माणूस थकलेला असला की त्याला परतीचाच रस्ता दिसतो. म्हणून आधी आठवडाभर नोंद ठेवायला सांगितली: झोपायची-उठायची वेळ, घरी फोन किती वेळ, समोरासमोर कुणाशी बोलणं झालं, आणि दर चार तासांनी मनःस्थितीला दहापैकी गुण.

कामाच्या दिवशी गुण पाच-सहा होते, शनिवारी दुपारनंतर दोन. कारण शेजारच्याच रकान्यात होतं. शुक्रवारी रात्री ती दीड-दोनपर्यंत जागायची, कारण तेव्हा घरी सकाळ व्हायची. मग उठायला दुपार, आणि हिवाळ्यात तोवर उजेड संपत आलेला. पाच दिवस इथलं घड्याळ आणि दोन दिवस घरचं, अशा ओढाताणीत झोपही बिघडते आणि मनही.

फोन बंद करायचा नव्हता, त्याला वेळ लावायची होती. रोज सकाळी कामाला निघण्यापूर्वी वीस मिनिटं, रविवारी तासभर. इथे हमखास एक गोष्ट बिघडते: घरच्यांना न सांगता फोन कमी केले की ते घाबरतात, आणि उलट जास्त फोन येतात. म्हणून वाक्य आधीच ठरवलं: ‘आई, रोज साडेसातला मी फोन करीन. मधे मेसेजला उत्तर आलं नाही तर काळजी करू नकोस, मी कामात असेन.’ उठल्यावर तासाभरात अर्धा तास बाहेर चालणंही सुरू केलं. आभाळ भरलेलं असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी जास्त असतो.

दुसरी गोष्ट थकव्याची. कोणता कचरा कोणत्या डब्यात, तिकीट कुठलं, काउंटरवर काय बोलायचं, प्रत्येक गोष्टीला विचार करावा लागतो. त्यावर उपाय म्हणजे निवडी कमी करणं: दुकान एक, रस्ता एक, कपडे धुण्याचा वार एक. डॉक्टरांकडे नाव नोंदवायचा फोन ती टाळत होती. आम्ही दोघींनी मिळून नव्हे, तिने माझ्यासमोर तीन वाक्यं लिहिली: काम काय, नाव आणि जन्मतारीख, ‘कृपया सावकाश सांगा’. मिळालेली वेळ शेवटी आपण पुन्हा म्हणून दाखवायची. मोठ्याने दोनदा सराव झाला, दुसऱ्या दिवशी फोन झाला. हे काम आजारी पडण्याआधी उरकावं.

माणसांच्या बाबतीत मात्र घाई चालत नाही. ती चार वेगवेगळ्या मेळाव्यांना एकेकदा जाऊन आली होती आणि ‘इथली माणसं जवळ येतच नाहीत’ असा निष्कर्ष काढून बसली होती. अमेरिकी संशोधक जेफ्री हॉल यांनी नुकतंच गाव बदललेल्या प्रौढांना आणि विद्यार्थ्यांना विचारून २०१८ साली मांडलं, की ओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण ५० तास एकत्र जावे लागतात, घट्ट मैत्रीला २०० हून जास्त. आठवड्याला दोन तास धरले तरी पहिला टप्पा सहा महिन्यांचा! तेव्हा दर आठवड्याला तीच माणसं भेटतील असा एकच वर्ग निवडायचा, आणि चौथ्या-पाचव्या वेळी कुणाला तरी नेमका वार आणि वेळ सांगून विचारायचं. ‘कधीतरी भेटू’ म्हटलेलं सहसा होत नाही. तिने मातकामाचा वर्ग धरला.

तीन महिन्यांनी शनिवारचे गुण चार-पाचवर आले. परतीचा निर्णय घराचा करार संपताना घ्यायचा असं ठरलं आहे, आणि तो ‘परत’ असाही असू शकतो.

उदासी मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ, दिवसभर राहिली, झोप-भूक बिघडली, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या, तर हे सगळं बाजूला ठेवून डॉक्टर गाठावेत. जगू नये असं वाटत असेल तर त्याच दिवशी, तिथल्या आपत्कालीन क्रमांकावर. तो क्रमांक आजच फोनमध्ये टाकून ठेवा.