केवडा नर असतो

प्रश्न: गुहागरजवळ आमची वाडी आहे. मुलगा बारावीला. अभ्यास झाला की फुलांची चित्रं काढत बसतो, पाकळ्या मोजूनमापून. सासरे म्हणतात, "बायल्यासारखा फुलं काय रंगवत बसतोस?" मुलगा वही लपवतो. मला कौतुक वाटतं, पण सासऱ्यांना काय सांगू, सुचत नाही.
– एक आई

उत्तर: ताई, गणपतीत तुम्ही वेणीत केवडा माळत असालच. तो घमघमणारा पिवळट कणसासारखा तुरा नर झाडाचा. मादी झाड वेगळं, त्याला अननसासारखं फळ धरतं आणि ते कुणी माळत नाही. मी स्वतः कॉलेजात केवड्याचं चित्र काढून खाली ठळक अक्षरांत 'मादी फूल' लिहिलं होतं, निव्वळ वासावरून! सरांनी काही न बोलता वही परत दिली. फूल म्हटलं की बाई, हे माझ्याही डोक्यात इतकं पक्कं बसलेलं.

बरं, हे काम बायकी ठरवलं कुणी? लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानं 1735 मध्ये पुंकेसर आणि स्त्रीकेसर मोजून वनस्पतींची वर्गवारी केली. इंग्लंडमध्ये त्यावरून पंचाईत झाली. फुलं रंगवणं घरंदाज मुलींना शोभतं म्हणायचं, आणि त्याच फुलाच्या भागांची नावं घेणं मात्र अशोभनीय. विदरिंग नावाच्या डॉक्टरानं 1776 च्या आपल्या वनस्पतींच्या पुस्तकातून असले शब्द बायकांच्या नावाखाली गाळूनच टाकले. म्हणजे रंगवा, पण काय रंगवताय ते विचारू नका. (आपल्याकडेही शाळेत हा धडा आला की मुली खाली मान घालतात.)

त्याच सुमाराच्या पुढेमागे आपल्याकडे हेच काम पुरुषांची पगारी नोकरी होतं. मद्रासकडे रॉबर्ट वाइट या ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टरासाठी रंगय्या आणि नंतर गोविंदू यांनी शेकडो वनस्पती चितारल्या. वाइटनं एका ऑर्किडला गोविंदूवरून 'गोविंदुइया' असं नाव दिलं. तिकडे लेकीसुनांचा विरंगुळा, इकडे घरच्या कर्त्याची रोजीरोटी. काम एकच.

पण हा इतिहास सासऱ्यांना ऐकवू नका, चिडतील. वाडीत रातांबे, म्हणजे कोकमाची झाडं, असतीलच. बी रुजवून वाढवलेल्या रातांब्यात साधारण निम्मी झाडं नर निघतात, आणि ते फुलोरा आल्याशिवाय कळत नाही. नर झाड कुठलं, हे त्यांनी आयुष्यभर फूल न्याहाळूनच ओळखलं असणार. मुलगा कागदावर तेच करतोय. हिवाळ्यात फुलं आली की त्याला आजोबांबरोबर धाडा, दोन्ही झाडांची फुलं मागून घेऊ दे.

फुलं सकाळी तोडून ओल्या फडक्यात गुंडाळून आणावीत. एक फूल ब्लेडनं उभं चिरायचं, भिंगाखाली पाहायचं, आणि नर-मादी दोन्ही फुलं शेजारीशेजारी काढायची. शेजारी मोजपट्टीची रेघ हवीच, नाहीतर फूल केवढं ते कळत नाही. रंगाची घाई नको, आधी पेन्सिल. आणि खाली नर-मादी लिहिण्याआधी एकदा आजोबांना विचारायला सांगा. माझ्यासारखं व्हायला नको.