नैराश्यावर उपचार झाले असतील तर वेस्ट पॉइंटचा मेडिकल वेव्हर कसा मागायचा?

एका पालकांचा हा प्रश्न. वेस्ट पॉइंट म्हणजे अमेरिकी लष्कराची अकादमी, आणि मेडिकल वेव्हर म्हणजे वैद्यकीय निकषात न बसूनही मिळणारी सूट. मुलगा अमेरिकन नागरिक, बारावीत. दहावीत आठ महिने उपचार, गोळी सुटून सव्वा वर्ष झालं. आणि प्रश्नाच्या शेवटी हळूच, 'फॉर्मवर लिहायलाच हवं का?'

लिहायचंच. प्रिस्क्रिप्शनची नोंद कुठे ना कुठे राहतेच, आणि लपवलेलं पुढे सापडलं तर आजारपण बाजूला राहून खोटेपणाचा ठपका बसतो. त्याला वेव्हर नसतो.

मुळात वेव्हर आपण मागायचा नसतो. डॉडमर्ब, म्हणजे अकादमीच्या उमेदवारांची वैद्यकीय तपासणी बघणारं संरक्षण खात्याचं मंडळ, फक्त निकष लावून बघतं: लक्षणं किंवा उपचार गेल्या ३६ महिन्यांतले, समुपदेशन धरून एकूण १२ महिन्यांहून जास्त उपचार, रुग्णालयात भरती, किंवा आजार उलटणं. यातलं एकही लागू झालं की अपात्र. तुमचा मुलगा ३६ महिन्यांत अडकणार. अपात्रतेचं पत्र आलं म्हणून सुतक धरू नका. वेव्हर अकादमी देते, आणि मुलगा तिला हवा असेल तरच फाइल पुढे सरकते. म्हणजे मार्क, फिटनेस टेस्ट आणि नॉमिनेशन (खासदार वगैरेंची अधिकृत शिफारस) दणकट हवं. अनापोलिस (नौदलाची अकादमी) आणि आरओटीसी (कॉलेजात राहून अधिकारी होण्याचं प्रशिक्षण) आपापला निर्णय वेगळा घेतात.

घोळ होतो तो कागदांत. 'आता बरा आहे' एवढ्या दोन ओळींच्या डॉक्टरच्या पत्राला किंमत नाही. निदानाची तारीख, शेवटच्या गोळीची तारीख, सुरुवातीचा आणि शेवटचा पीएचक्यू-९ (नैराश्य मोजायची प्रश्नावली) स्कोअर, आत्महत्येचे विचार होते की नव्हते, औषधाविना शाळा-खेळ कसं चाललंय, हे सगळं त्यात हवं. सोबत सेशनच्या मूळ नोट्स. त्या आधी स्वतः वाचा. त्यात निदानाचा कोड असतो: एफ३२ म्हणजे एकच एपिसोड, एफ३३ म्हणजे उलटलेला आजार. बिलिंगच्या घाईत एफ३३ पडला असेल तर दुरुस्तीचा लेखी अर्ज करा. हिपा या अमेरिकी वैद्यकीय गोपनीयता कायद्यानुसार दवाखान्याला ६० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. खरोखर उलटला असेल तर मात्र डॉक्टरच्या मागे लागू नका.

लपवण्याखेरीज आपल्या मंडळींचा दुसरा लाडका सल्ला: 'गोळी आजच बंद करा, ३६ महिने मोजायला सुरुवात.' हा शुद्ध मूर्खपणा. घाईने सोडलेली गोळी आजार परत आणू शकते, आणि उलटलेला आजार हा वेगळा निकष आहेच. शिवाय थेरपी चालू असेल तर गोळी सोडूनही मोजणी सुरू होत नाही. मुलाला कॅडेट करण्याआधी धड बरं होऊ द्या की!

३६ आणि १२ महिन्यांचे हे आकडे ६१३०.०३ या अमेरिकी संरक्षण खात्याच्या सूचनेतले; ती बदलत असते, चालू आवृत्ती बघा. यंदा नकार आला तर कॉलेजचं पहिलं वर्ष करून पुन्हा अर्ज करता येतो. तोवर ३६ महिने भरत आलेले असतील.