बाहीवर "सातबारा कोरा करा" लिहिलं, आता स्पॉन्सर पैसे परत मागतोय

आलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. सांगली जिल्ह्यातला एक कबड्डीपटू, रेडर, लीगमध्ये दोन सीझन खेळलाय, घरी शेती आणि सोसायटीचं कर्ज. गावच्या यात्रेत खुली स्पर्धा होती, तिथे हा जर्सीच्या बाहीवर पट्टी लावून त्यावर मार्करने "सातबारा कोरा करा" लिहून चढाईला उतरला. व्हिडिओ फिरला. दोन दिवस कौतुक, मग "खेळाडू आहेस, खेळावर लक्ष दे" सुरू झालं, त्यापुढे शिव्या, "मॅटवर ये, पाय मोडतो" असे मेसेज, आणि कुणीतरी फेक अकाउंट काढून त्याच्या बहिणीचा चेहरा लावून घाणेरडा फोटो टाकला. पुण्याच्या एका प्रोटीन पावडर कंपनीने "आमची प्रतिमा खराब केली" म्हणून करार मोडला, दिलेले 2 लाख परत आणि वर 5 लाख नुकसानभरपाई मागणारी वकिलाची नोटीस पाठवली. आणि एका कार्यकर्त्याने पोलिसात अर्ज दिलाय की हा लोकांना भडकवतो. प्रश्न असा की "सर, या सगळ्यांवर केस करायची आहे, घटनेने बोलायचा हक्क दिलाय ना?"

दिलाय. पण सगळ्यांवर केस होत नाही आणि करूही नका. तुम्ही चार वेगळ्या गोष्टींची एकच मोट बांधलीय, ती आधी सोडू.

ज्यांनी तुमचं पोस्टर फाडलं, अनफॉलो केलं, "याला पुढच्या लिलावात घेऊ नका" म्हणून मोहीम चालवली, त्यांचं तुम्ही कायद्याने काहीही वाकडं करू शकत नाही. बाहीवर लिहायचा हक्क जिथून तुम्हाला आला तिथूनच त्यांना तुमच्यावर तोंडसुख घ्यायचा आला. अमेरिकेत 2016 मध्ये कॉलिन केपरनिक हा अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू राष्ट्रगीताच्या वेळी गुडघ्यावर बसला तेव्हा लोकांनी त्याच्या जर्स्या जाळून व्हिडिओ टाकले होते, जर्सी त्यांच्या पैशाची होती, जाळली. आपल्याकडे तर दोन्ही बाजूंनी मार आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये शेतकरी आंदोलनावर परदेशी सेलिब्रिटी बोलल्या, सचिनने देशाच्या सार्वभौमत्वाशी तडजोड नको असं ट्वीट केलं, तर कोचीत त्याच्या कटआउटवर काळं तेल ओतलं. आणि 2023 ला पैलवान जंतरमंतरवर बसले तेव्हा तो काही बोलला नाही म्हणून त्याच्या बांद्र्याच्या घरासमोर बोर्ड लागला. म्हणजे बोललं तरी पंचाईत, गप्प बसलं तरी पंचाईत. तुम्ही विचारलंय की सामाजिक बहिष्काराचा कायदा लागतो का, तर महाराष्ट्राचा 2016 चा तो कायदा जात पंचायत किंवा समाजाने कुटुंबाला वाळीत टाकण्यासाठी आहे, चाहते रुसले म्हणून तो लागत नाही. नुसत्या शिव्यांसाठीही कोर्टाच्या पायऱ्या झिजवू नका. "विकला गेलाय", "अमुक पक्षाकडून इतके पैसे घेतले" असं ठोक खोटं लिहिलं असेल तर बदनामी होते, पण ती तक्रार पोलिसात नाही, मॅजिस्ट्रेटकडे स्वतः करावी लागते, दिवाणी दाव्याला फक्त 1 वर्षाची मुदत असते आणि निकाल लागेपर्यंत तुमचं करिअर संपलेलं असेल. मी तुमच्या जागी असतो तर सोडून दिलं असतं.

बहिणीचा फोटो मात्र अजिबात सोडायचा नाही. इथे "ट्रोलिंग" हा शब्दच वापरू नका, पोलीस स्टेशनला तर बिलकुल नको, कारण तो ऐकला की समोरचा हवालदार ब्लॉक करा म्हणून सांगतो. हा सरळ गुन्हा आहे. आयटी कायद्याचं कलम 67, फोटो लैंगिक कृतीचा असेल तर 67अ, आणि भारतीय न्याय संहितेचं कलम 79, म्हणजे बाईच्या अब्रूला धक्का लावणं. कुणाच्या नावाने किंवा फोटोने खोटं अकाउंट चालवलंय त्यावर आयटी कायद्याचंच 66क पण बघतात. बहीण 18 च्या आतली असेल तर मला लगेच कळवा, मग पॉक्सो, म्हणजे लहान मुलांच्या लैंगिक संरक्षणाचा कायदा येतो आणि सगळं प्रकरणच बदलतं. तक्रारदार बहीण असली पाहिजे, तुम्ही नाही, तुम्ही तिच्यासोबत जा.

आता धमक्यांचं. नुसती धमकीची तक्रार घेऊन गेलात तर बहुतेक वेळा एनसी, म्हणजे अदखलपात्र म्हणून नुसती नोंद लिहून हातात कागद देतात आणि पुढे काही हलत नाही. पण एकाच तक्रारीत एक जरी दखलपात्र गुन्हा (ज्याचा तपास पोलीस कोर्टाला न विचारता करू शकतात) असला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या कलम 174 प्रमाणे अख्खं प्रकरण दखलपात्र धरतात. म्हणून त्याच अकाउंटवरून फोटोही आलाय आणि पाय मोडायची धमकीही आलीय, तर दोन्ही एकाच अर्जात लिहा. सायबरला जा, जिल्ह्याला जा असं म्हणाले तर शांतपणे सांगा की त्याच संहितेच्या कलम 173 प्रमाणे कुठल्याही पोलीस स्टेशनला एफआयआर घेता येतो, हद्द नंतर बघा, आणि कॉपी फुकट द्यायची असते ती मागून घ्या. आयटी कायद्याचा तपास पीआय किंवा वरच्या अधिकाऱ्याने करायचा असतो त्यामुळे थेट पीआय साहेबांनाच भेटा. नाहीच ऐकलं तर एसपींना लेखी, मग मॅजिस्ट्रेट.

पुरावा नीट धरा, इथेच निम्म्या केसेस मरतात. तुम्ही मला पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये फक्त कमेंट दिसतेय, वर "वाघ_सांगलीकर" असं नाव कापलेलं, तारीख नाही, लिंक नाही. असलं काही कामाचं नाही कारण ती माणसं रात्रीतून नाव बदलतात. प्रोफाइल उघडून अॅड्रेस बारमधली पूर्ण लिंक दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, पोस्टची लिंक वेगळी कॉपी करून ठेवा, फोनवर स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू करून प्रोफाइलपासून पोस्टपर्यंत जा म्हणजे एक सलग फाइल होते. तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. कोर्टात हे दाखल करताना साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, पूर्वी 65ब म्हणायचे तेच, आता त्यात दोन भाग आहेत, एक तुमचा, एक तज्ज्ञाचा, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा खास कोड, लिहावी लागते. याची गरज किती ते जालन्याच्या निवडणुकीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 2020 ला पक्कं करून ठेवलंय, मूळ फोनच कोर्टात हजर केला नसेल आणि प्रमाणपत्रही नसेल तर व्हिडिओची कॉपी कितीही खरी असली तरी पुराव्यात घेत नाहीत.

आणि तो मॉर्फ केलेला फोटो "बघा लोक कुठल्या थराला गेलेत" म्हणून स्वतः शेअर करू नका. 28 मे 2023 ला दिल्लीत पैलवानांना ताब्यात घेतलं तेव्हा पोलीस व्हॅनमधल्या विनेश आणि संगीता फोगाटचा एक हसरा सेल्फी फिरवला होता, अॅपने हसू चिकटवलेला. पैलवान बजरंग पुनियाने मूळ फोटो टाकून तो खोटा आहे हे सांगितलं आणि ते बरोबर होतं, कारण तिथे खोटं उघडं पाडायचं होतं. तुमच्याकडे फोटोच अश्लील आहे, तो पुन्हा टाकला की तुम्हीच पसरवल्यासारखं होतं. आधी पुरावा सेव्ह करा, मग त्या अॅपच्या तक्रार अधिकाऱ्याला बहिणीच्या नावाने रिपोर्ट करा. असला फोटो हटवायला नियमाने त्यांना आधी 24 तास होते, फेब्रुवारी 2026 पासून 2 तासच आहेत. सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर पण त्याच दिवशी टाका, पोचपावतीचा नंबर एफआयआरच्या अर्जात लिहा.

एक गोष्ट आत्ताच घरात बसून ठरवा, शेवटपर्यंत जायचंय का. ऑक्टोबर 2021 ला पाकिस्तानकडून 10 विकेटनी हरल्यावर लोक शमीवर तुटून पडले, कोहली त्याच्या बाजूने बोलला तर त्याच्या तान्ह्या मुलीबद्दल भयंकर धमकी आली. मुंबई पोलिसांनी हैदराबादहून एक इंजिनिअर पोरगा उचलून आणला. म्हणजे निनावी अकाउंटमागचा माणूस सापडतो, सापडत नाही हा समज चुकीचाय. पण 2023 ला तक्रारदाराने हरकत नाही म्हटल्यावर मुंबई हायकोर्टाने तो एफआयआर रद्द केला. तुमच्याकडेही तो पोरगा शेजारच्या तालुक्यातला निघेल, त्याचे आईवडील दारात येऊन बसतील, सरपंच मध्यस्थी करतील. माफ करायचं की नाही हा बहिणीचा निर्णय, तुमचा नाही आणि सरपंचाचा तर नाहीच.

तुमच्याविरुद्ध जो अर्ज झालाय त्याने घाबरू नका. कर्जमाफी मागणं हा गुन्हा नाही. कोल्हापूरच्या एका प्राध्यापकाने 370 रद्द झालं त्या दिवसाला स्टेटसमध्ये काळा दिवस म्हटलं होतं, त्याच्यावर गुन्हा दाखल झाला, हायकोर्टाने रद्द करायला नकार दिला, पण मार्च 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केला. मार्च 2025 मध्ये खासदार आणि शायर इम्रान प्रतापगढी यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने परत सांगितलं की शब्दांचा परिणाम खंबीर, समंजस माणसाच्या नजरेने तोलायचा, ज्याला सगळीकडे धोकाच दिसतो त्याच्या नजरेने नाही. तुमची तीन शब्दांची पट्टी त्यापुढे काहीच नाही. तरी पोलिसांची नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 ची, म्हणजे चौकशीला हजर राहा अशी नोटीस आली तर तारखेला जा, वकील घेऊन जा, "मी काही केलं नाही तर कशाला जाऊ" असा बाणा नको, न गेल्यानेच अटकेला कारण मिळतं.

आता खरी अडचण, कंपनीची नोटीस. इथे घटनेचा हक्क फार उपयोगी पडत नाही, खासगी कंपनीशी भांडण आहे आणि ते करारात काय लिहिलंय त्यावरच चालतं. केपरनिकनेही तिथल्या फुटबॉल लीगविरुद्ध तक्रार केली ती मालकांनी संगनमत करून मला घेतलं नाही अशी, आणि 2019 ला आपसात मिटवली. खेळाच्या संघटनांचे कपड्याचे नियमही असेच असतात, 2019 च्या वर्ल्डकपमध्ये धोनीच्या ग्लोव्हजवर लष्कराच्या पॅरा कमांडोंचं बलिदान चिन्ह होतं ते आयसीसीने काढायला लावलं, 2023 ला ऑस्ट्रेलियाच्या उस्मान ख्वाजाला बुटांवर "सगळ्यांचे जीव सारखे" या अर्थाचं लिहून खेळू दिलं नाही. मजकूर चांगला की वाईट हा मुद्दाच येत नाही, लिहिलंय हा मुद्दा येतो. तुमच्या बाजूने चांगलं इतकंच की तुम्ही लीगच्या मॅचमध्ये नव्हता, यात्रेच्या स्पर्धेत होता, आणि व्हिडिओत दिसतेय ती मंडळाची जर्सी, त्यावर कंपनीचा लोगो कुठेच नाही. उत्तरात हा पहिला मुद्दा घ्यायचा.

करार परत चालू करा असा हुकूम कोर्ट देईल ही आशा सोडा, मोडता येण्यासारखा करार कोर्ट जबरदस्तीने पाळायला लावत नाही. पैशांचं मात्र वेगळं. 5 लाख असं करारात छापलेलं असलं तरी तेवढ्यावरून 5 लाख मिळत नाहीत, करार कायद्याच्या 74 प्रमाणे तो आकडा ही वरची मर्यादा आहे, आणि नुकसान झालंच हे कंपनीला दाखवावं लागतं, सुप्रीम कोर्टाने 2015 च्या कैलाश नाथ केसमध्ये हे नीट मांडलंय. किती डबे कमी खपले ते दाखवा म्हणावं. 2 लाखांपैकी तुम्ही जाहिरातीचं शूट केलंय, रील्स दिल्यात, तेवढं काम झालेलं आहे, त्याचे पैसे परत का द्यायचे. त्या रील्स अजून त्यांच्या पेजवर असतील तर लगेच स्क्रीनशॉट घ्या, कारण प्रतिमा खराब झाली म्हणणारे तुमचाच चेहरा लावून माल विकतायत. नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर गेलंच पाहिजे, फोनवर त्यांच्या मॅनेजरशी एक शब्द बोलू नका, "सॉरी सर, पट्टी काढतो" असा व्हॉट्सअॅप तर चुकूनही टाकू नका.

तुम्ही कराराचं एकच पान फोटो काढून पाठवलंय, त्यात 9.3 आहे, "कलम 2.4 मध्ये व्याख्या केल्याप्रमाणे गैरवर्तन" झाल्यास करार रद्द. 2.4 कुठाय? काही करारांत गैरवर्तन म्हणजे डोपिंग, फिक्सिंग, फौजदारी शिक्षा एवढंच लिहिलेलं असतं, तसं असेल तर पट्टी त्यात बसतच नाही आणि करार बेकायदा मोडला म्हणून उलट आपणच पैसे मागू. काहींत "राजकीय वक्तव्य" स्पष्ट घातलेलं असतं, मग तडजोडीची भाषा करावी लागेल. शिवाय लवादाचं (भांडण कोर्टाऐवजी पंचापुढे न्यायचं) कलम आहे का, मोडण्याआधी चूक दुरुस्त करायला दिवस द्यायचे होते का, हेही बघायचंय. सगळी पानं, सहीच्या पानासकट, सरळ स्कॅन करून पाठवा, अंगठा दिसतोय असे फोटो नकोत, आणि नोटीस ज्या पाकिटातून आली ते पाकीट टाकलं नसेल तर त्यावरच्या पोस्टाच्या शिक्क्याचाही एक फोटो काढा, मुदत तिथूनच मोजायची आहे.