हिरवा दाणा दगडात बसलाय कुठे, ते आधी पाहा

घाटात रुंदीकरणासाठी फोडलेल्या कातळात हिरवे दाणे दिसले, हे ऑलिव्हीन नावाचं खनिज का, आणि ऑलिव्हीन म्हणजेच दागिन्यांतला हिरवा खडा पेरिडॉट असेल तर त्याला काही किंमत येईल का, असं तुम्ही विचारलंय. फोटोवरून तरी ते ऑलिव्हीन वाटत नाही. किमतीचं विसरा.

फोटोत हिरवा रंग दगडाच्या भोकांमध्ये आहे. भोकं म्हणजे लाव्हा थिजताना आत अडकलेले वायूचे बुडबुडे. दगड थंड झाल्यावर त्यातून गरम पाणी झिरपत राहिलं आणि त्या पाण्याने पोकळ्यांना आतून अस्तर दिलं. आपल्याकडे हे हिरवं अस्तर बहुतेक वेळा सेलाडोनाइट या मऊ हिरव्या खनिजाचं असतं. ऑलिव्हीन असं मागाहून येत नाही. ते शिलारसातच, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकातच, सगळ्यात आधी, तयार होतं. त्यामुळे ते पोकळीत न सापडता दगडाच्या अंगात, खिचडीतल्या डाळीसारखं रुतलेलं सापडतं.

कॉलेजात असताना मीही असाच पिशवीभर हिरवा माल सरांपुढे ओतला होता. त्यांनी काही न बोलता नखाने ओरखडा काढला. हिरवी पूड पडली. विषय संपला. खनिजांच्या १ ते १० या मोह्स मापावर सेलाडोनाइटची कठीणता २ च्या आसपास, ऑलिव्हीनची साडेसहा ते सात. ऑलिव्हीनवर नख काय, चाकूही चालत नाही. उलट तेच काचेवर ओरखडा काढतं.

पोकळीत छान पारदर्शक हिरवा स्फटिक मिळाला तरी हुरळू नका. तो अपोफिलाइट, म्हणजे अशाच पोकळ्यांत वाढणारं दुसरं एक खनिज, असू शकतो. पुण्यात पाषाणच्या दगडखाणींतला हिरवा अपोफिलाइट जगभरच्या संग्राहकांना माहीत आहे. तो एका बाजूने सपाट सुटतो आणि त्या पृष्ठावर मोत्यासारखी झाक असते. ऑलिव्हीन बाटलीच्या काचेसारखं वेडंवाकडं फुटतं.

आता मुद्द्याचा प्रश्न: सह्याद्री सगळा बेसॉल्टचा, मग ऑलिव्हीन गेलं कुठे? थोडं वाटेतच राहिलं. मॅग्नेशियमवालं ऑलिव्हीन, म्हणजे फॉर्स्टेराइट, शुद्ध असेल तर वितळायला सुमारे १८९० अंश सेल्सिअस लागतात. लोहवालं फायालाइट १२०५ च्या आसपासच वितळतं. म्हणून शिलारस निवू लागला की मॅग्नेशियमवाले दाणे आधी धरतात, आणि जड असल्याने तळाशी बसतात. दख्खनचा बराचसा शिलारस वर येण्याआधी खोलवर मुरला, तिथेच त्याने हे दाणे टाकले. जमिनीवर पसरला तो निथळलेला रस. अपवाद आहेत. इगतपुरी-कसारा भागातल्या लाव्हाच्या ‘ठाकूरवाडी’ नावाच्या थरांमध्ये पिक्राइटचे, म्हणजे ऑलिव्हीनने भरलेल्या बेसॉल्टसारख्या खडकाचे, प्रवाह सापडतात.

आणि जे वर आलं ते टिकलं नाही. जे खनिज सर्वांत जास्त तापमानाला जन्मतं, तेच हवापाण्यात सर्वांत लवकर कुजतं. सहा-साडेसहा कोटी वर्षांत त्याचं इडिंगसाइट झालं, म्हणजे चिकणमाती आणि लोहाच्या ऑक्साइडांचं लालसर तपकिरी मिश्रण. तेव्हा घाटात ऑलिव्हीन शोधायचं तर हिरवं नको, तांबूस ठिपके शोधा! मला स्वतःला हे ठिपके पेरिडॉटच्या खड्यापेक्षा जास्त आवडतात, पण ती आवड सगळ्यांना पटत नाही.

ताजं हिरवंगार पाहायचं असेल तर तरुण ज्वालामुखी हवा. हवाईत किलाउएआ इकी या ज्वालामुखी विवराच्या १९५९ च्या उद्रेकात लाव्हाचे फवारे ५०० मीटरच्या वर गेले आणि विवरात शंभर मीटरहून खोल लाव्हाचं तळं साठलं. पुढे अनेक वर्षं त्यात भोकं पाडून नमुने काढले गेले. त्यातून ऑलिव्हीन खाली कसं बसतं ते प्रत्यक्ष कळलं. तिथलाच पापाकोलेआचा हिरवा किनारा तुम्ही रील्समध्ये पाहिला असेल. शेजारची राखेची टेकडी लाटा खातात, हलकी राख वाहून जाते, जड ऑलिव्हीन मागे राहतं. ती वाळू खिशात घालून आणायला मात्र बंदी आहे.

जवळचं ठिकाण हवं तर कच्छ. भुजच्या आसपासच्या काही टेकड्यांच्या बेसॉल्टमध्ये पृथ्वीच्या प्रावरणातले तुकडे अडकून वर आलेत, आणि त्यांत मुख्य खनिज ऑलिव्हीनच. अ‍ॅरिझोनातल्या सॅन कार्लोसचे पेरिडॉट अशाच तुकड्यांतून काढतात. अर्थात कच्छमध्ये खड्याजोगं काही मिळेल या आशेने जाऊ नका.

तुमच्या दगडाची खात्री करायची तर तो डोळ्यांवर चष्मा लावून फोडा. जुना, पावसाने खाल्लेला पृष्ठभाग फसवतो. ताज्या फुटीचा फोटो उन्हात, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून टाका. आणि त्याआधी नख लावून पाहा, कदाचित फोटोची गरजच पडणार नाही.